केस गळू लागले म्हणून थेंब बंद केले

कोरड्या डोळ्यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या थेंबांनी डोक्यावरचे केस विरळ होतात का? नेत्रतज्ज्ञाकडे हा प्रश्न दबक्या आवाजात येतो आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जरा रागाने. खालच्या प्रकरणातली रुग्ण ही कुणी एक बाई नव्हे. बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण उभं केलं आहे. औषधांची मात्रा, चाचण्यांचे निकष आणि कालगणना मात्र जशीच्या तशी आहे.

वय ४४. नाशिकमध्ये एका पतसंस्थेत काउंटरवर काम. रोज आठ तास संगणकासमोर, डोक्यावर पंखा, जाता-येता स्कूटर. डोळे चुरचुरण्याची तक्रार दोन वर्षांपासूनची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती आली तेव्हा हातात झिपची एक पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत गेल्या पंधरा दिवसांत गळलेले केस. त्वचारोगतज्ज्ञांना ही पिशवी ओळखीची असते. तिची नुसती टर उडवू नये, कारण तपासाचा पहिला पुरावा तीच असतो. यातले बहुतेक केस मुळापासून निघालेले होते, एका टोकाला पांढरट, मोहरीपेक्षाही बारीक गाठ. अधेमध्ये तुटलेले केस जवळपास नव्हतेच.

तिचं म्हणणं सरळ होतं. "सप्टेंबरात सायक्लोस्पोरिनचे थेंब सुरू झाले, नोव्हेंबरात केस जायला लागले. नेटवर बघितलं तर ते औषध किडनी बदललेल्या लोकांना देतात. मग मीच बंद केलं." बंद करून तीन आठवडे झाले होते. केस गळायचे थांबले नव्हते आणि डोळे मात्र पुन्हा वाळू गेल्यासारखे खुपत होते.

बाटल्या टेबलावर

अशा वेळी "कोणतं औषध चालू आहे" असं विचारू नये. "घरात डोळ्यांच्या जेवढ्या बाटल्या आहेत तेवढ्या सगळ्या आणा" असं सांगावं. तिने दुसऱ्या दिवशी आणल्या त्या चार होत्या.

पहिली सायक्लोस्पोरिन ०.०५ टक्के, दिवसातून दोनदा. दुसरी कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, म्हणजे साधे कृत्रिम अश्रू. तिसरी लोटेप्रेडनॉल, हे स्टिरॉइड. चौथी टिमोलॉल ०.५ टक्के. चौथीबद्दल ती म्हणाली, "ती पण कोरडेपणाचीच." ती कोरडेपणाची नव्हती. टिमोलॉल हे डोळ्यांचा दाब उतरवायचं, काचबिंदूत वापरायचं औषध आहे.

ते आलं कुठून, याचा माग जुन्या चिठ्ठ्यांवरून लागला. सायक्लोस्पोरिनचा गुण यायला तीन ते सहा महिने लागतात आणि सुरुवातीला ते झोंबतं, म्हणून पहिले दोन आठवडे सोबत सौम्य स्टिरॉइड देण्याची पद्धत आहे. १२ सप्टेंबरला तसंच दिलं होतं: लोटेप्रेडनॉल दिवसातून चार वेळा, दोन आठवडे, मग बंद. पण चार दिवसांत डोळे थंडगार झाले ते त्याच बाटलीमुळे. ती संपल्यावर बाईंनी मेडिकलमधून दुसरी आणली आणि एकूण सहा आठवडे ओढली. २४ ऑक्टोबरच्या तपासणीत उजव्या डोळ्याचा दाब २६ आणि डाव्याचा २५ निघाला. एरवी तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. स्टिरॉइड बंद झालं, टिमोलॉल दिवसातून दोनदा सुरू झालं आणि "महिन्याने या" असं चिठ्ठीवर लिहिलं गेलं. महिन्याने दिवाळीनंतरची कामं निघाली आणि जाणं राहिलं.

म्हणजे नोव्हेंबरात केस गळायला लागले तेव्हा डोळ्यांत दोन औषधी थेंब जात होते. संशय त्यातल्या एकावरच गेला, कारण त्याचं नाव इंटरनेटवर जास्त भीतिदायक निघालं.

कॅलेंडर मागे उलटलं तेव्हा

टाळूवर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले नव्वद टक्के वाढत असतात आणि दहा टक्के, म्हणजे दहा हजार, विश्रांतीच्या टप्प्यात असतात. हा टप्पा सुमारे शंभर दिवसांचा. दहा हजार भागिले शंभर, म्हणजे रोज शंभरेक केस गळणं हा आजार नाही, हिशेब आहे. तीव्र ताप, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, झपाट्याने घटलेलं वजन किंवा एखादं औषध यांचा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात. ते लगेच गळत नाहीत. त्यांची मुदत भरली की दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून बाहेर पडतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. म्हणून केसांच्या बाबतीत "गेल्या आठवड्यात काय बदललं" हा प्रश्न जवळपास निरुपयोगी आहे. विचारायचं ते "अडीच महिन्यांपूर्वी काय झालं होतं".

केस गळायला लागले २० नोव्हेंबरच्या सुमारास. तिथून दोन ते तीन महिने मागे गेलं की २० ऑगस्ट ते २० सप्टेंबर ही खिडकी मिळते.

या खिडकीत सायक्लोस्पोरिन बसतं. १२ सप्टेंबरपासून २० नोव्हेंबर म्हणजे दहा आठवडे. नुसती तारीख पाहिली तर बाईंचा संशय अगदी रास्त होता, हे आधी मान्य केलं पाहिजे. डॉक्टरांनी इथेच "छे, काहीतरीच" म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

पण त्याच खिडकीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिने सांगितली नव्हती, कारण तिच्या लेखी तिचा केसांशी संबंध नव्हता. २१ ऑगस्टपासून सहा दिवस ताप, एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह, प्लेटलेट ६२ हजारांवर, तीन दिवस रुग्णालयात. डेंग्यू. वजन चार किलोने उतरलं आणि पुढचा महिनाभर अन्नावर वासना नव्हती. डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणं महाराष्ट्रात दर पावसाळ्याअखेर दिसतं. दिवाळीच्या आसपास अशा रुग्णांची रांगच लागते. चिकुनगुनिया, टायफॉइड आणि कोविडनंतरही हेच होतं.

टिमोलॉलची तारीख मात्र जमत नाही. २४ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर म्हणजे चार आठवडेही पुरते नाहीत. विश्रांतीत गेलेला केस इतक्या लवकर सहसा सुटत नाही.

टाळू काय सांगते

५० ते ६० केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलक्या ओढीने बोटं सरकवायची. दहापैकी एकाहून जास्त केस हातात आले तर चाचणी पॉझिटिव्ह. आदल्या दिवशी डोकं धुतलं असेल तर सुटे केस आधीच गेलेले असतात आणि चाचणी फसते, म्हणून रुग्णाला चोवीस तास तरी न धुता बोलवावं. इथे डोक्याच्या चारही बाजूंनी आठ-नऊ केस सहज आले, सगळे गाठीचे. भांग रुंदावलेला नव्हता, पण वेणीचा पेड उन्हाळ्यापेक्षा निम्म्याने बारीक झाल्याचं ती सांगत होती. डर्मोस्कोपखाली, म्हणजे टाळू मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, केसांची जाडी एकसारखी दिसली. जाड-बारीक केसांची सरमिसळ असती तर वयाबरोबर, संप्रेरकांमुळे येणारी विरळता धरावी लागली असती. चाईसारखी गोल चकती नाही, व्रण नाही, खपली नाही. भुवया भरलेल्या.

घरी करायची चाचणी वेगळी. पाच दिवस डोकं धुवायचं नाही, सहाव्या दिवशी बादलीत किंवा टबात धुवायचं, पाणी पातळ सुती फडक्यातून गाळायचं आणि फडक्यावरचे केस मोजायचे. कंटाळवाणं काम आहे, पण पिशवीतल्या केसांपेक्षा हजारपट उपयोगी, कारण महिन्यानंतर त्याच पद्धतीने मोजून तुलना करता येते. मोजताना तीन सेंटिमीटरहून आखूड केस वेगळे काढायचे. ते दहा टक्क्यांच्या पुढे गेले तर नुसतं टेलोजेन एफ्लुव्हियम नाही, वयाची विरळताही डोकावते आहे असं समजायचं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी तिच्या फडक्यावर १८६ केस निघाले, त्यांतले आखूड केस फक्त सात.

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०.६ आणि फेरिटिन ९. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाचा साठा. हिमोग्लोबिन जेमतेम कमी दिसत असताना आतली कोठी रिकामी असू शकते. मासिक पाळीत सहा-सहा दिवस भरपूर रक्तस्राव होतो, हे विचारल्यावर कळलं. थायरॉइडसाठी टीएसएच करायचं होतं, पण ते चार दिवस पुढे ढकललं. कारण मैत्रिणीने दिलेल्या केसांच्या गोळ्या चालू होत्या आणि त्यांत बायोटिन १० मिलिग्रॅम होतं. बायोटिनमुळे अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांवर थायरॉइडचे आकडे खोटे येतात. टीएसएच उगाच कमी दिसतं आणि नसलेल्या आजाराची औषधं सुरू होऊ शकतात. त्यात बायोटिनची कमतरता नसलेल्या माणसाच्या केसांना त्याचा फायदा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. गोळ्या थांबवून केलेलं टीएसएच ३.१ आलं, नॉर्मल.

आणखी एक शंका मिटवायची होती. कोरडे डोळे आणि केस गळणं या दोन तक्रारी एकाच मुळातून येऊ शकतात. थायरॉइडचे आजार, श्योग्रेन सिंड्रोम आणि ल्युपस (या दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते), रजोनिवृत्तीचा काळ ही त्यातली नेहमीची नावं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या तरुण मुलामुलींतही दोन्ही दिसतं. ते औषध पापण्यांतल्या तेलग्रंथी आक्रसवतं आणि केसही गाळू शकतं. म्हणजे थेंबांमुळे केस गळाले असं वाटतं तेव्हा पुष्कळदा थेंब आणि केस ही दोन्ही तिसऱ्याच आजाराची पिल्लं असतात. बाईंना तोंड कोरडं पडत नव्हतं, कोरडी चपाती पाण्याशिवाय गिळता येत होती, सांधे दुखत नव्हते, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे उठत नव्हते. तरीही श्योग्रेन आणि ल्युपसचा माग काढणाऱ्या एएनए आणि अँटी-आरओ या रक्तचाचण्या केल्या, दोन्ही निगेटिव्ह आल्या. या वयाच्या बाईत डोळे आणि केस या दोन्ही तक्रारी एकत्र असताना तेवढा खर्च योग्यच म्हणायचा.

मात्रेचा हिशेब

सायक्लोस्पोरिन पोटातून दिलं तर ते जबरदस्त औषध आहे यात वाद नाही. प्रश्न आहे तो डोळ्यात किती जातं याचा.

०.०५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅम. थेंब साधारण ३० मायक्रोलिटरचा, त्यात १५ मायक्रोग्रॅम औषध. दोन डोळे, दिवसातून दोनदा, म्हणजे चार थेंब आणि ६० मायक्रोग्रॅम. सोरायसिससाठी हेच औषध पोटातून किलोमागे २.५ ते ५ मिलिग्रॅम देतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला १५० ते ३०० मिलिग्रॅम. भागाकार केला तर थेंबांतून जाणारी मात्रा अडीच ते पाच हजारपट कमी निघते, आणि त्यातलाही बराच भाग गालावर ओघळतो. वर्षभर रोज दोनदा थेंब घालणाऱ्यांच्या रक्तात हे औषध शोधलं गेलं, तेव्हा मिलिलिटरमागे ०.१ नॅनोग्रॅम एवढी बारीक मोजणी करूनही ते सापडलं नाही. प्रत्यारोपण झालेल्यांच्या रक्तात ते शंभराच्या वर नॅनोग्रॅममध्ये राखावं लागतं.

दुसरी गोष्ट दिशेची. पोटातून सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांची केसांबद्दलची नेहमीची तक्रार नेमकी उलटी असते. कपाळ, गाल, हात, पाठ, नको तिथे केस उगवतात. हे औषध केसाला वाढीच्या टप्प्यात धरून ठेवतं, इतकं की हट्टी चाईवर ते कधीकधी उपाय म्हणूनही दिलं जातं. पोटातून घेत असताना चाई पडल्याच्या तुरळक नोंदी आहेत, पण त्या गोल चकत्यांच्या. सगळ्या डोक्यावरून सारखे केस गळण्याचं चित्र वेगळं.

आता हाच हिशेब टिमोलॉलला लावून पाहू. ०.५ टक्के म्हणजे मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. चार थेंबांत सुमारे ०.६ मिलिग्रॅम. रक्तदाबासाठी याच्या गोळ्या दिल्या जात तेव्हा मात्रा दिवसाला २० ते ४० मिलिग्रॅम असे. इथे फरक हजारोंचा नाही, साधारण तेहतीस ते सदुसष्टपटीचा. शिवाय गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे तिचा बराच भाग मोडला जातो. थेंब मात्र डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या छिद्रातून नाकात उतरतो आणि नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात मिसळतो, यकृताचं नाकं चुकवून. म्हणूनच टिमोलॉलच्या एका थेंबाने दमेकऱ्याला धाप लागू शकते आणि नाडी मंदावू शकते. या बाईंची नाडी त्या दिवशी मिनिटाला ५६ भरली. जिने चढताना थकवा येतो म्हणत होती, तो आतापर्यंत डेंग्यूच्या खात्यावर टाकलेला होता.

टिमोलॉल ज्या बीटा-ब्लॉकर गटातलं आहे, त्या गटातली औषधं पोटातून घेतल्यावर केस गळू शकतात हे जुनं ज्ञान आहे. त्याच गटाच्या डोळ्यांच्या थेंबांनीही केस गळाल्याच्या नोंदी १९९० मध्ये अमेरिकेत एकत्र करून प्रसिद्ध झाल्या आणि टिमोलॉलच्या माहितीपत्रकात केस गळणं हा दुष्परिणाम छापलेला आहे. म्हणजे डोळ्यात घातलेला थेंब केसांपर्यंत पोचूच शकत नाही असं सरसकट विधान करणारा चुकतो. ते रेणूवर अवलंबून आहे. आणि गंमत अशी की डोळ्यांच्या काही थेंबांनी केस वाढतातही: काचबिंदूतलं बायमाटोप्रॉस्ट पापण्यांचे केस लांब आणि दाट करतं, आणि अमेरिकेत २००८ मध्ये त्याला त्याच कामासाठी वेगळी मान्यता मिळाली.

इथे दोन थेंबांची परिस्थिती चमत्कारिक झाली. सायक्लोस्पोरिनची तारीख जमते, पण मात्रा आणि दिशा जमत नाही. टिमोलॉलची मात्रा आणि दिशा जमते, तारीख जमत नाही. बाईंनी बंद केलं ते सायक्लोस्पोरिन, आणि टिमोलॉल चालूच ठेवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार म्हणता येईल, फक्त इथला चोरही संशयितच होता. तारीख, मात्रा आणि दिशा या तिन्ही कसोट्यांना उतरणारी एकच गोष्ट होती: ऑगस्टमधला ताप, त्याच्या जोडीला रिकामी लोहाची कोठी.

काय केलं

टिमोलॉल थांबवायचं ठरलं, पण केसांसाठी नव्हे. स्टिरॉइड बंद होऊन दोन महिने झाले होते, दाब १५ आणि १४ वर होता, दृष्टिनाडीची तपासणी व्यवस्थित होती. ज्यासाठी दिलं ते कारणच उरलं नव्हतं. टिमोलॉलचा अंमल पूर्ण उतरायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून दाब दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सहा आठवड्यांनी मोजला. १६ आणि १६. ज्यांना खरोखर काचबिंदू आहे त्यांनी केसांच्या भीतीने हे थेंब परस्पर बंद करू नयेत. गेलेले केस परत येतात, काचबिंदूत गेलेली नजर येत नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या गटाचं औषध निवडता येतं, ते नेत्रतज्ज्ञाने ठरवायचं.

टिमोलॉल थांबल्याचा डोळ्यांना आणखी एक फायदा झाला. बहुतेक बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठीचं रसायन असतं आणि ते कोरड्या डोळ्याचा पृष्ठभाग आणखी खरवडतं. डिसेंबरात डोळे बिघडले ते नुसते सायक्लोस्पोरिन सोडल्यामुळे, की या रसायनामुळे, की नाशिकच्या कोरड्या थंडीमुळे, हे वेगळं काढता येत नाही. तिन्ही एकाच वेळी होते.

सायक्लोस्पोरिन ४ जानेवारीला पुन्हा सुरू झालं. या वेळी घालण्याची पद्धत डोळ्यांदेखत करून घेतली, कारण आधीची पद्धत चुकत होती. हे औषध एरंडेल तेलाच्या दुधी मिश्रणात असतं आणि त्याचे थर वेगळे होऊ शकतात, म्हणून कुपी दोन-चार वेळा उलटीपालटी करून एकसारखी पांढरट झाल्यावरच थेंब टाकायचा. खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब. तिथे त्याहून जास्त मावत नाही, दुसरा थेंब पहिल्याला बाहेर ढकलतो. डोळा अलगद मिटायचा, मिचकवायचा नाही. नाकाच्या बाजूचा कोपरा तर्जनीने दोन मिनिटं दाबून धरायचा. ही सवय कोणत्याही औषधी थेंबाला लावावी. नाकात उतरणारा, म्हणजेच रक्तात जाणारा भाग तिने बराच घटतो. कृत्रिम अश्रू आणि सायक्लोस्पोरिन यांत पंधरा मिनिटांचं अंतर. बाई दोन्ही एकापाठोपाठ घालत होत्या, त्यामुळे औषध धुऊन जात होतं. कृत्रिम अश्रूही टिकाऊ रसायन नसलेल्या एकदाच वापरायच्या कुप्यांत बदलून दिले. पंख्याखालची खुर्ची हलवली, स्कूटरवर काच असलेलं हेल्मेट आलं, रात्री पापण्यांवर आठ-दहा मिनिटं कोमट शेक.

अपेक्षाही आधीच नीट सांगितली. औषधाच्या चाचण्यांत सहा महिन्यांनी अश्रूंच्या पट्टीवर (पापणीत अडकवलेला कागद पाच मिनिटांत किती भिजतो ते मोजतात) १० मिलिमीटर किंवा जास्त वाढ झालेले रुग्ण १५ टक्के होते, नुसतं तेलकट मिश्रण घातलेल्यांत ५ टक्के. जळजळ १७ टक्क्यांना झाली. म्हणजे हे हळू चालणारं, काहींनाच ठळक गुण देणारं औषध आहे. हे आधी सांगितलं नाही की माणूस दुसऱ्या महिन्यात कंटाळतो आणि मग बंद करायला कारण शोधतो.

केसांसाठी लोह: फेरस अॅस्कॉर्बेट, १०० मिलिग्रॅम लोह असलेली एक गोळी दिवसाआड, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दोन तास लांब. रोज घेतली तर जास्त शोषली जाते असं नाही, उलट पोट बिघडून गोळी सुटते. पाळीच्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं, नाहीतर वरून ओतायचं आणि खालून गळायचं. जेवणात वजनाच्या किलोमागे ग्रॅमभर प्रथिनं. डाळ आणि ताकावर ती भागत नव्हती, मग अंडी आणि सोयाबीन वाढवलं. मिनॉक्सिडिल, हे केस वाढवायचं औषध, दिलं नाही. ते पहिल्या काही आठवड्यांत आणखी केस गाळतं आणि इथे आधीच घाबरलेल्या बाईला ते दाखवण्यात अर्थ नव्हता.

मोजदाद आणि निवाडा

फडक्यावरचे केस: जानेवारीत १८६, फेब्रुवारीअखेर ९४, एप्रिलमध्ये ४१. या संपूर्ण काळात सायक्लोस्पोरिन चालू होतं, दिवसातून दोनदा, न चुकता. त्या औषधाच्या बाजूने याहून बोलका पुरावा मिळणं अवघड. संशयित घरातच बसलेला असताना चोऱ्या थांबल्या.

टिमोलॉलबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही. ते बंद करणं, लोह सुरू होणं आणि तापानंतरची केसगळती आपोआप ओसरण्याची वेळ, तिन्ही जानेवारीत एकत्र आले. एका वेळी एकच बदल केला असता तर उत्तर स्वच्छ मिळालं असतं. पण गरज संपलेलं औषध केवळ प्रयोग शुद्ध राहावा म्हणून चालू ठेवायचं नसतं, आणि फेरिटिन ९ असलेल्या बाईला लोहासाठी थांबवायचंही नसतं.

औषध आणि दुष्परिणाम यांची सांगड तपासायला १९८१ पासून नारान्हो गुणपट्टी वापरतात. दहा प्रश्न आहेत. ९ किंवा जास्त गुण म्हणजे निश्चित, ५ ते ८ बहुधा, १ ते ४ शक्य, शून्य किंवा कमी म्हणजे संशयास्पद. सायक्लोस्पोरिनला घटना औषधानंतर घडली म्हणून २, तपासणीत गळती दिसली म्हणून १, दुसरं कारण हजर म्हणून उणे १, पुन्हा सुरू केल्यावर त्रास परतला नाही म्हणून उणे १. बेरीज १. टिमोलॉलला पूर्वीच्या नोंदींचा १, नंतर घडल्याचे २, थांबवल्यावर सुधारल्याचा १, तपासणीचा १, दुसऱ्या कारणाचा उणे १. बेरीज ४. दोन्ही कागदावर "शक्य"च्याच खणात पडतात. गुणपट्टी कावळा आणि फांदी एकत्र दिसल्याचेही दोन गुण देते आणि मात्रेचा भागाकार विचारत नाही, तिची ही मर्यादा ओळखूनच वापरावी.

तरीही संशय आला तर नोंदवावा. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे होते. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. नोंदवताना सगळी औषधं, सुरू केल्याच्या तारखा आणि मागच्या चार महिन्यांतले आजार लिहावेत. डेंग्यू न लिहिता नुसतं "सायक्लोस्पोरिन, केसगळती" असं लिहिलं की ती नोंद पुढच्या घाबरलेल्या माणसाला नेटवर सापडते.

कोणत्या खुणा दिसल्या असत्या तर निवाडा बदलला असता? फक्त पापण्यांचे केस गळत असते तर थेंबातल्या एखाद्या घटकाची अॅलर्जी किंवा पापणीच्या कडेची सूज शोधावी लागली असती. ती तक्रार थेंबांकडे बोट दाखवू शकते, कारण थेंब तिथेच सांडतो. भुवया विरळ होऊन पुढची केसरेषा मागे सरकत असती, किंवा टाळूवर गुळगुळीत व्रण असता, तर थांबायला वेळ नव्हता. व्रणातला केस परत येत नाही, तिथे टाळूचा तुकडा काढून तपासावा लागतो. आणि केसगळती सहा महिन्यांपुढे रेंगाळली असती तर फेरिटिन आणि थायरॉइड पुन्हा.

एप्रिलमध्ये कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिलेले दिसत होते, तेल लावलं तरी न बसणारे. फेरिटिन ३८ झालं होतं, नाडी ७४. अश्रूंची पट्टी पाच मिनिटांत ६ मिलिमीटरवरून ९ वर आली, डोळ्यावरचा अश्रूंचा थर फुटायला चार सेकंदांऐवजी सात लागू लागले. सायक्लोस्पोरिन निदान सप्टेंबरपर्यंत चालू राहणार आहे.

तिच्या केसपेपरवर लाल शाईने एक ओळ लिहिली आणि तिचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये काढून ठेवायला लावला: स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्यांचा दाब वाढतो. दम्याचा फवारा, त्वचेचं मलम, सांध्यातलं इंजेक्शन, कुठलंही स्टिरॉइड कुणीही लिहून देण्याआधी ही ओळ दाखवायची, आणि ती तिसरी बाटली मेडिकलमधून परत आणायची नाही.